चकत्या कुणी नेल्या?

१

डाय मधोमध फुटली होती आणि तिच्याभोवती सगळे मयताला आल्यासारखे जमले होते. रडत मात्र कुणी नव्हतं. खापर आपल्या डोक्यावर फुटू नये म्हणून जो तो साळसूद चेहरा करून उभा होता, आणि असले चेहरे पाहिले की ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ताई म्हणजे मालकांची धाकटी मुलगी. कारखान्याची टूलरूम तिच्या ताब्यात होती. पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या, त्याला भोक पाडणाऱ्या पोलादी डाय तिथं तयार होत. ही डाय तिनंच आखलेली आणि डोक्यावर उभं राहून बनवून घेतलेली. व्हीलचेअरवर पाय ठेवायची फळी ज्या जाड पत्र्याच्या कंसावर बसते, त्या कंसाला ती भोक पाडायची. वरून पंच नावाचा पोलादी खुंट यायचा, पत्र्यातून आरपार जायचा, आणि कोटाच्या बटणाएवढी पोलादी चकती खालच्या ब्लॉकमधून खाली पडायची. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी डाय ठणठणीत होती. सुट्टी संपवून लोक कामावर आले, तेव्हा तोच ब्लॉक उभा चिरून दोन तुकडे होऊन प्रेसवर, म्हणजे डाय चालवणाऱ्या यंत्रावर, पडला होता.

"मी तेव्हाच म्हणत होतो," भाऊजी म्हणाले.

भाऊजी म्हणजे ताईच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्यात ते सगळं बघत, म्हणजे नुसतं बघत. टूलरूम बंद करून डाय बाहेरून तयार आणाव्यात, असं त्यांचं बऱ्याच दिवसांचं टुमणं होतं.

"भाऊजी, तुम्ही कायम तेव्हाच म्हणत असता," ताई म्हणाली. "आत्ता काही म्हणालात असं कधी झालं नाही."

"माझ्यावर कशाला डाफरतेस? डिझाइन कच्चं निघालं, त्याला मी काय करू? अप्पांनाही तेच वाटतंय. संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलंय सगळ्यांना. टूलरूम ठेवायची की नाही, ते आजच ठरणार."

अप्पा म्हणजे मालक, ताईचे वडील. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ते खालच्या कामावर नजर ठेवत. ताईनं वर पाहिलं. काचेमागे पडदा ओढलेला होता.

"बरं," ती म्हणाली. "मग संध्याकाळपर्यंत ही कुणी फोडली ते सांगते."

"कुणी म्हणजे? आपोआप फुटली ती!"

ताईनं डायच्या कडीला बांधलेला कंस बोटानं हलवला. काम संपवून डाय बंद करताना तिच्यातून निघालेला शेवटचा नग तिलाच बांधून ठेवायचा, हा या कारखान्याचा जुना रिवाज होता. त्या नगावरून डायची तब्येत कळते. आज तो नग तांब्याच्या तारेनं बांधलेला होता.

"पैलवान," तिनं हाक मारली, "हा तू बांधलास?"

पैलवान म्हणजे प्रेसवर डाय चढवणारा सेटर. अंगानं काडी, म्हणून पैलवान. त्यानं मान पुढं काढून पाहिलं.

"नाही ताई. मी प्लास्टिकची पट्टी लावतो. ही तार माझी नाही."

२

ताईनं सगळ्यांना हुसकावलं. गर्दीत विचार करता येत नाही, आणि या गर्दीच्या आसपास तर विचार करायची लाज वाटावी, असं तिचं मत होतं. पैलवानाला तेवढं थांबवून घेतलं.

"तू डाय फोडलीस का?"

"आईशप्पथ नाही!"

"शप्पथ घेऊ नकोस, वेळ जातो. सुट्टीच्या आदल्या दिवशी काय केलंस ते सांग."

"माल काढला, पेटीत भरला, वर झाकण लावलं. शेवटचा नग बांधला. प्रेसची किल्ली फिरवली आणि घरी गेलो. आज सकाळी येऊन बघतो तर पेटीचं झाकण बसत नव्हतं."

"का?"

"माल जास्त होता. मी ठेवला त्यापेक्षा."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"मला वाटलं, मीच नीट भरला नसेल."

ताईनं कपाळावर हात मारला. जगातली निम्मी गुपितं अशा लोकांमुळेच गुपितं राहतात. यांना सगळं दिसतं आणि यांना त्याचं काहीच वाटत नाही.

तिनं फुटलेल्या ब्लॉकचा एक तुकडा उजेडात धरला. पोलाद तुटतं तेव्हा तुटलेल्या बाजूवर बारीक रेघा पंख्यासारख्या पसरतात. पंख्याची मूठ जिथं असेल, तिथून चीर सुरू झाली असं समजायचं. भाऊजी म्हणत होते तसं डिझाइन कच्चं असतं, तर मूठ वरच्या काठाला असायला हवी होती, कारण पंचाचा सगळा मार वर बसतो. इथं मूठ भोकाच्या तळाशी होती. तळाशी कसलाच भार येत नाही. तिथून चकती फक्त खाली जाते.

तिनं भोकाच्या आत बोट फिरवलं. तळाची भिंत घासून आरशासारखी चकचकीत झाली होती.

"चकत्या तुंबल्या होत्या," ती पुटपुटली.

चकत्या खाली पडायला वाट मिळाली नाही की त्या भोकात एकावर एक बसतात. पंचाच्या प्रत्येक फटक्याला तो ढीग ठासला जातो, आणि शेवटी पोलादाचा ब्लॉकही आतून उलतो. तांब्याच्या तारेच्या नगावर त्याचीच खूण होती. भोकाला एका बाजूनं जाडजूड बर आली होती, म्हणजे कापताना पत्र्याला उठते ती धारदार कड. ब्लॉक हळूहळू फाकत गेला, तशी बर वाढत गेली. एका फटक्यात फुटलेल्या डायचा शेवटचा नग असा नसतो.

"प्रेसखालच्या डब्यात चकत्या किती आहेत?"

पैलवान वाकून बघून आला. "एकही नाही. आदल्या संध्याकाळी डबा मीच रिकामा केला होता. तेव्हापासून तसाच आहे."

सुट्टीच्या दिवशी कुणीतरी प्रेस चालवली. पेटीचं झाकण बसू नये इतका चांगला माल काढला. तो सगळा माल सोडून गेला, आणि चकत्या तेवढ्या घेऊन गेला.

"पैलवान," ती म्हणाली, "माल सोडून भंगार कोण नेतं रे?"

३

दुपारी भट्टीवाला आला. डायचं पोलाद तो आपल्या भट्टीत तापवून, तेलात विझवून कडक करून द्यायचा. भाऊजींनी त्याला फोनवर काय सांगितलं कोण जाणे, दारातूनच त्याचं सुरू झालं.

"माझ्या हार्डनिंगला नाव ठेवायचं काम नाही! तुमचा कोपरा नाजूक होता, मी बोललो होतो!"

"कुणाला बोलला होतात?"

"म्हणजे, मनात बोललो होतो."

"मनात तर भाऊजीही फार हुशार आहेत," ताई म्हणाली. "इकडे या."

तिनं त्याच्या हातात कानस दिली आणि तुटलेल्या बाजूवर घासायला लावली. कानस काचेवरून सरकावी तशी सरकली, पोलादाला ओरखडाही उठला नाही. कडकपणात खोट नव्हती.

"आता रंग बघा. भट्टीतून निघतानाच चीर पडली असती, तर आत तेल शिरून ही बाजू काळी पडली असती. ही राखाडी आहे, स्वच्छ. काल-परवाची. तुम्ही सुटलात."

भट्टीवाल्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याचा आवाज एकदम गोड झाला. "मी म्हणालोच होतो, डिझाइन एक नंबर आहे."

"कुणाला म्हणालात? मनातच ना?"

तो चहाला न थांबता गेला, हे त्यानं केलेलं दिवसातलं सगळ्यात चांगलं काम.

राहिली प्रेसची किल्ली. एक पैलवानाकडे, एक भाऊजींकडे, आणि एक वर केबिनच्या कपाटात, जिला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता. पैलवान खोटं बोलण्याइतका हुशार नव्हता. ताई सरळ गेटवर गेली.

"सुट्टीच्या दिवशी कोण आलं होतं?"

वॉचमन ताडकन उभा राहिला. "कुणी नाही ताई. परक्या माणसाला मी आत सोडतो का?"

"आपलं कुणी?"

"आपले भाऊजीसाहेब आले होते ना. सकाळी आले, दुपारनंतर गेले."

"तू पाहिलंस त्यांना?"

"गाडी पाहिली. काच वर होती. मी कडक सलाम ठोकला."

माणसाला नाही, काचेला सलाम. पण ताईला आज तेवढ्यावर चिडायलाही फुरसत नव्हती. सुट्टीचा दिवस आपण बायकोमुलांबरोबर घरी काढला, असं भाऊजी सकाळपासून तीनतीनदा सांगत होते.

४

भाऊजी आपल्या खोलीत बाहेरच्या डायचं चकचकीत माहितीपत्रक चाळत बसले होते. ताईला पाहून त्यांनी ते फायलीखाली सरकवलं. लपवायचं कसं, हेसुद्धा या माणसाला धड येत नव्हतं.

"भाऊजी, डायचा शेवटचा नग कुठं ठेवतात?"

"शेवटचा नग? पेटीत! सगळ्यांत वर."

"तो डायला बांधतात. इतकी वर्षं."

"असेल. मी काय प्रत्येक डायच्या गळ्यात काय लटकतंय ते बघत फिरू?"

ताई थबकली. याला रिवाजच माहीत नव्हता. ज्याला माहीत नाही, तो तार कशाला बांधेल? आणि या माणसाला प्रेस चालवता येत असती, तर निदान एकदा तरी त्यानं तशी शेखी मिरवलीच असती.

"सुट्टीच्या दिवशी तुमची गाडी इथं होती."

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. "काहीतरीच काय! मी घरीच होतो. विचार तुझ्या बहिणीला! गाडी... गाडी माझ्याकडे नव्हतीच त्या दिवशी."

"मग कुणाकडे होती?"

"अप्पा घेऊन गेले होते. डोळे दाखवायला, डॉक्टरांकडे."

"सुट्टीच्या दिवशी? दवाखाना उघडा होता?"

भाऊजींनी खांदे उडवले. इतका साधा प्रश्न त्यांना पडला नव्हता. ताईनं खुर्ची ओढली. तिनं खिशातून तो नग काढला. तार अजून त्याला होती. आता तिनं तो कसा बांधलाय ते नीट पाहिलं. धारदार बर आतल्या बाजूला, डायकडे वळवलेली. उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. कारखान्यात बाकीचे सगळे नग कसाही अडकवत. असा बांधणारी माणसं फक्त दोनच होती. एक ती स्वतः. दुसऱ्यानं तिला ते शिकवलं होतं.

५

संध्याकाळी ताई सगळ्यांच्या आधी केबिनमध्ये गेली आणि दार लावून घेतलं. अप्पा टेबलामागे ताठ बसले होते.

"बाकीचे येऊ देत," ते म्हणाले.

"नंतर. आधी आपण दोघंच." ताईनं नग टेबलावर ठेवला. "डाय तुम्ही फोडलीत अप्पा."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "पुरावा?"

"काल गाडी तुमच्याकडे होती. कपाटातली किल्लीही तुमच्याच हाताशी. पण हे सगळं जाऊ दे. कुणीतरी माल टाकून चकत्या नेल्या. चोर असता तर माल नेला असता. माझ्या वाईटावर असता तर काहीच नेलं नसतं. चकत्यांना माल समजणारा या कारखान्यात एकच माणूस आहे. सुरुवातीला त्यांना भोकं पाडून तुम्ही वॉशर विकायचात. डायखाली पत्र्याचा ट्रे सरकवून चकत्या गोळा करायचात, भरला की रिकामा करायचात. आई ती गोष्ट किती वेळा सांगायची!"

अप्पांनी पुसलेला चष्मा परत लावला.

"कालही तसाच ट्रे लावलात. हात जुन्या प्रेसच्या तालावर बसलेला. तिच्यावर एवढ्या वेळात ट्रे पाऊणच भरायचा. पण ही नवी प्रेस तिच्या दुपटीनं धावते. ट्रे भरला, चकत्यांना खाली जागा उरली नाही, त्या वर ब्लॉकमध्ये तुंबल्या आणि ब्लॉक उलला. मग तुम्ही ट्रे काढलात, डायखालची जागा पुसलीत, सगळं लपवलंत. आणि जाता जाता शेवटचा नग बांधलात, बर आत करून! लपवणारा माणूस पुरावा स्वतः बांधून जातो का हो?"

"ते हातानं केलं," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "मी नाही."

त्यांनी पायानं टेबलाखालून एक डबा पुढं सारला. डबाभर चकत्या होत्या, आणि त्यांच्यावर चकत्यांचाच एक ठासलेला दांडका, सगळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या.

"चालवायला कशाला गेलात?"

"टूलरूम तुझ्या नावावर करायची होती. म्हटलं, त्याआधी एकदा पोरीची डाय स्वतः चालवून बघावी."

"आणि फुटल्यावर डिझाइन कच्चं झालं?"

अप्पांची मान खाली गेली, पण लगेच वर आली. आयुष्यभर मालक असलेल्या माणसाची मान फार वेळ खाली राहत नाही.

"हे बघ. टूलरूम तुझीच राहील, आत्ताच सांगतो सगळ्यांना. डाय पैलवानानं चुकीची चढवली म्हणू. त्याला दुसरीकडे कुठंही काम मिळेल. या वयात मी त्या पोरांपुढं... तू समजून घे."

सकाळपासून ताईनं भाऊजींना मनातल्या मनात मूर्ख, पैलवानाला ठोंब्या आणि भट्टीवाल्याला पळपुटा ठरवलं होतं. पण स्वतःची चूक दुसऱ्याच्या पोटावर ढकलायची, इतकं खालचं त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. ज्याला आपण एवढं मोठं समजत होतो, त्याच्या तोंडून ते ऐकायला लागावं याची तिला शिसारी आली, आणि तितकंच रडूही आलं. रडू तिनं दाबलं.

"मला अशी टूलरूम नको," ती म्हणाली. "भाऊजींना देऊन टाका, बाहेरच्या डाय आणतील. मी खाली जाऊन सगळ्यांना खरं सांगते आणि घरी जाते. नाहीतर तुम्ही सांगा."

ती उठली. तिचा हात दाराच्या कडीवर गेला.

६

"थांब," अप्पा म्हणाले. "जिना उतरायला हात दे."

खाली सगळे जमलेच होते. भाऊजी माहितीपत्रक काखेत घेऊन तयार होते. पैलवान प्रेसच्या आडोशाला उभा राहून स्वतःचं बोट चावत होता. अप्पा फुटलेल्या ब्लॉकपाशी जाऊन थांबले. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, परत सोडले. धडधडत्या प्रेसखाली हात घालून ट्रे सरकवणाऱ्या माणसाला एवढं एक वाक्य जड जावं, हे पाहून ताईला त्यांची कीव आली, आणि कीव यावी याचा रागही आला.

"डाय मी फोडली," अप्पा म्हणाले. "काल येऊन चालवली. चकत्या अडवल्या, त्या तुंबल्या."

मग भाऊजींनीच तोंड उघडलं. ती संधी ते कधीच चुकवत नसत.

"अप्पा, यात तुमची कसली चूक? डिझाइनच मुळात..."

"जावईबापू, गप बसा," अप्पा म्हणाले. "डिझाइनला काहीही झालेलं नाही. लोण्यातून सुरी फिरावी तशी चालत होती डाय. इतकी सुरेख चालत होती की बघत बसलो आणि ट्रेचं भानच राहिलं नाही. अशी मला आयुष्यात बनवता आली नाही." "टूलरूम तिची. आजपासून तिथं माझाही शब्द चालणार नाही. आणि पैलवान, मघाशी वर मी तुझं नाव पुढं केलं होतं. तिनं ऐकलं नाही माझं."

पैलवानानं खिशातून प्लास्टिकची पट्टी काढली आणि उगाच तिच्याशी चाळा करत राहिला. भाऊजींनी माहितीपत्रकाची हळूच गुंडाळी केली. अशा वेळी काय करायचं ते त्यांना तेवढंच येत होतं.

ताईनं ब्लॉकचा एक तुकडा उचलला आणि टूलरूमकडे निघाली. नवा ब्लॉक आखायचा होता, आणि या बैठकीत तिचा पुष्कळ वेळ फुकट गेला होता. मागून दुसरा तुकडा छातीशी धरून कुणीतरी धापा टाकत येत होतं.

"यापुढं माझ्या डायला हात लावायचा असेल, तर मला विचारून," ती मागं न बघता म्हणाली.

"आणि टूलरूममध्ये यायचं असेल तर?"

"तेही विचारून."

पावलं दारात थांबली. ही खोली अप्पांनी स्वतः विटा वाहून बांधली होती. तिचं दार ते आजवर कधी ठोठावून आत आले नव्हते, लाथेनं उघडून मात्र पुष्कळदा आले होते. आता ते त्याच दाराबाहेर हातात तुकडा घेऊन उभे होते.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून ताईच्या जिभेवर प्रत्येकासाठी एक टोमणा तयार होता. यांच्यासाठीही होता, चांगला धारदार. तो तिनं गिळला आणि टेबलावरचे कागद सारून त्या तुकड्यासाठी जागा केली.

"या," ती म्हणाली.